टाळकऱ्याची मिळकत

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यातील व्याख्यानाचा मजकूर)



जीर्णोद्धार पुरा झाला की मंदिराच्या भिंतीवर संगमरवरी पाटी बसते. तीवर देणगीदारांची नावे आणि रकमा कोरल्या जातात. ते योग्यच आहे. कष्टाने मिळवलेला पैसा देवाच्या कामी देणाऱ्याचे नाव पुढच्या पिढीने वाचावे, हा गावोगावचा जुना रिवाज आहे. परंतु प्रत्येक मंदिराच्या कामात एक दुसरीही देणगी असते आणि तिची पावती कोणी फाडत नाही. जुना राडारोडा उपसणारे हात, कारखान्यातली रात्रपाळी संपवून सकाळी ट्रकमधून विटा उतरवून घेणारे तरुण, समया आणि घंगाळी चिंच लावून घासणाऱ्या माताभगिनी, सप्ताहात पहाटे चुलवण पेटवणारे, पंगतीत वाढणारे, आणि सारे जेवून उठल्यावर पत्रावळी गोळा करणारे. पाटीवर रुपयांचा आकडा मांडता येतो, घामाचा येत नाही. म्हणून या पाटीबाहेरच्या देणगीविषयी चार शब्द बोलणे अगत्याचे आहे.

अशा माणसाला एक प्रश्न ठरलेला असतो : “तुला काय मिळालं त्यात?” पुष्कळदा हा प्रश्न घरातलीच माणसे विचारतात, आणि त्यात रागाइतकीच काळजी असते. मुलाचा अभ्यास पडला आहे, गिरणीतून दळण आणायचे आहे, आणि हा मात्र देवळात विटा वाहतो आहे, असे पाहिल्यावर घरच्यांनी विचारले तर त्यांचे काय चुकले? प्रश्न रास्त आहे. त्याला बहुधा “पुण्य मिळते” असे उत्तर दिले जाते. पुण्याचा जमाखर्च चित्रगुप्ताकडे असतो, त्यात कोणी ढवळाढवळ करू नये. परंतु बिनपगारी काम करणाऱ्याला इथे, या जन्मी, या गावातच काही मिळते की नाही, हे पाहणे माणसाच्या हाती आहे. आणि हे पाहण्यासाठी चिखलीइतके चांगले गाव दुसरे सापडणार नाही.

कारण हे गाव टाळगाव आहे. तुकोबारायांच्या वैकुंठगमनाच्या वेळी त्यांचे टाळ इथे पडले, म्हणून हे टाळगाव चिखली, असे गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. वारकरी परंपरेत तुकोबांचे चौदा टाळकरी मानतात, आणि त्यांच्यात चिखलीचे मल्हारपंत कुलकर्णी यांचे नाव आदराने घेतले जाते. एखाद्या गावाच्या वाट्याला किल्ला येतो, एखाद्याच्या वाट्याला पेठ येते. चिखलीच्या वाट्याला टाळ आला. या वारशाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे.

टाळकरी म्हणजे कोण? तो कीर्तनकार नाही. त्याच्या गळ्यात हार पडत नाही, त्याच्या हाती बिदागीचे पाकीट येत नाही, दुसऱ्या दिवशी त्याचे नावही कोणी घेत नाही. तो मागे उभा राहतो. बुवा पुढे चरण म्हणतात, तो मागे धृपद धरतो. त्याला मोठी विद्या लागत नाही, परंतु लक्ष मात्र अखंड लागते. एका टाळकऱ्याचा हात ढिला पडला तर साऱ्या कीर्तनाची लय ढळते. आणि गंमत अशी, की कीर्तन संपल्यावर ज्याच्या कानात ते सर्वांत जास्त वेळ घुमत राहते तो टाळकरीच असतो. श्रोता ऐकून घरी जातो, टाळकरी ते अंगात घेऊन घरी जातो. ही त्याची मिळकत.

खुद्द तुकोबारायांनी आपल्या आयुष्याची हकीगत एका अभंगात सांगून ठेवली आहे. तिचा क्रम पाहण्यासारखा आहे. घरी वाणव्यवसाय होता, तो मोडला. १६३० च्या सुमाराचा तो भीषण दुष्काळ आला. त्यात पैसा गेला, मान गेला, घरातली एक बायको अन्नावाचून गेली. जिवाची लाज वाटू लागली. अशा अवस्थेत माणूस काय करील? कोणी देश सोडील, कोणी व्यसनाला लागेल, कोणी अंथरूण धरील. तुकोबा सांगतात, की देवाचे देऊळ भंगलेले होते आणि ते दुरुस्त करावे असे चित्तात आले. घराण्याचे मूळ पुरुष विश्वंभरबाबा यांच्यापासून चालत आलेले देहूचे ते विठ्ठलमंदिर. चरित्रकार सांगतात की तुकोबांनी स्वतः दगडमाती वाहून, स्वतः राबून त्याचा जीर्णोद्धार केला. मजूर लावायला जवळ पैसा नव्हताच. होते ते दोन हात.

आता पुढचा क्रम ऐका. देऊळ उभे राहिल्यावर ते एकादशीला कीर्तन करू लागले. आरंभी अभ्यासात चित्त लागत नव्हते, हेही ते मोकळेपणाने सांगतात. मग संतांची वचने पाठ केली. पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून धृपद धरले, म्हणजे त्यांनी टाळकऱ्याचे काम केले. शरीर कष्टवून जो होईल तो उपकार केला. आणि हे सारे झाल्यावर मग स्वप्नात गुरूचा उपदेश आणि त्यानंतर कवित्वाची स्फूर्ती. म्हणजे जगद्‌गुरूंच्या आयुष्यात अभंग नंतर आले, माती आधी आली. वेतन, मोबदला, शाबासकी यांपैकी काहीही पदरी पडण्याचा संभव नसताना त्यांनी एक पडके देऊळ उभे केले, आणि देऊळ उभे राहता राहता पडलेला माणूसही उभा राहिला.

बिनपगारी सेवेची पहिली मिळकत ती हीच. दुःखात बुडालेल्या माणसाला उपदेश ऐकवत नाही, परंतु हातात टोपले दिले तर ते तो उचलतो. काम अंगाला थकवते आणि मनाला विसावा देते. ज्यांच्या घरी नुकतेच कोणी गेले आहे, ज्यांची नोकरी सुटली आहे, ज्यांना निवृत्तीनंतर दिवस खायला उठतो, अशी माणसे देवळाच्या कामाला आपोआप येऊन लागतात. त्यांना कोणी कारण विचारू नये. त्यांना काम सांगावे.

दुसरी मिळकत आहे ती शिक्षणाची. याचे उदाहरण शोधायलाही लांब जावे लागत नाही. चाकणचे संताजी जगनाडे. घाणा चालवणारा हा माणूस तुकोबांच्या कीर्तनात टाळकरी म्हणून उभा राहिला आणि ऐकलेले अभंग वहीत उतरून ठेवू लागला. त्याला कोणी कारकून नेमले नव्हते, पानामागे दाम दिला नव्हता. दिवसभर घाणा आणि मग बोरू. पुढे जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनी वि. ल. भावे यांनी याच संताजींच्या वह्यांच्या आधाराने तुकोबांचा गाथा छापला. आज सुदुंबरे येथे संताजींच्या समाधीपुढे लोक माथा टेकतात. त्या काळी चाकणच्या बाजारात तेल विकणारे अनेक होते. त्यांच्यापैकी कोणाचे किती तेल खपले हे आज कोणालाही सांगता येणार नाही. जे काम फुकट केले तेवढेच उरले.

प्रत्येकाला संताजी होता येणार नाही हे खरे. परंतु बिनपगारी कामात माणूस जे शिकतो ते पगारी कामात सहसा शिकायला मिळत नाही, कारण पगारी कामात त्याला एकच यंत्र चालवायचे असते. कारखान्यात रोज एकच पुर्जा कातणारा तरुण देवस्थानच्या कामात उतरला की हजार माणसांच्या पंगतीला तांदूळ किती लागेल, मांडववाल्याशी दर कसा ठरवावा, रुसलेल्या भावकीला कसे आणावे, वर्गणीचा हिशेब चारचौघांत कसा वाचून दाखवावा, हे सारे शिकतो. गावचे चांगले पुढारी बहुतेक याच शाळेतून बाहेर पडलेले असतात. आणि जे या शाळेत न जाता थेट पुढारी होतात त्यांची परीक्षा लोक पुढे घेतातच.

विद्यार्थ्यांसाठी म्हणूनच २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. महाविद्यालयातली मुले खेड्यात शिबिराला जातात, बंधारा घालतात, शोषखड्डे खणतात. बंधाऱ्याने अडलेले पाणी गावाला मिळते. परंतु कुदळ धरताना हाताला फोड कसा येतो आणि भाकरीमागे किती कष्ट असतात, हे ज्ञान मुलांना मिळते. दोहोंपैकी मोठा लाभ कोणाचा, हे ठरवणे अवघड आहे.

तिसरी मिळकत विश्वासाची. श्रोतेहो, माणसाच्या शब्दाला वजन कशाने येते? गाडगेबाबांकडे पाहा. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेणगावी परीट कुटुंबात जन्मलेला हा पुरुष १९०५ मध्ये घर सोडून निघाला. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगे, हाती खराटा. गावात शिरल्यावर बाबा आधी रस्ता झाडायला लागत, आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. दिवसभर ज्याने आपल्या दारातली घाण काढली त्याने रात्री “कर्ज काढून सण करू नका, मुलांना शाळेत घाला, शिवाशीव पाळू नका” असे सांगितले तर त्याला उलट बोलण्याचे धाडस कोणाला होणार? पंढरपूर, नाशिक, आळंदी आणि आपल्या शेजारचे देहू येथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेच्या स्वाधीन केली. लाखोंच्या इमारती हातून उभ्या राहिल्या आणि आपल्या घरच्यांसाठी त्यांतली एक खोलीही ठेवली नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबा गेले. पुढे महाराष्ट्र शासनाने ग्रामस्वच्छतेच्या मोहिमेला आणि अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले. ज्याने शाळेचे तोंड पाहिले नव्हते, त्याच्या नावाची पदवी आज मुले घेतात.

अशाच विश्वासाची गोष्ट पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीची आहे, आणि ती तर थेट मंदिराच्या जीर्णोद्धाराची आहे. १९७५ साली सैन्यातून निवृत्त होऊन अण्णा हजारे गावी परतले. गाव दुष्काळी, रोजगार नाही, दारूच्या भट्ट्या मात्र भरपूर. संत यादवबाबांचे देऊळ मोडकळीस आलेले, त्याचे लाकूडही लोकांनी भट्ट्यांत जाळलेले. अण्णांनी निवृत्तीच्या पैशांतून सुमारे २० हजार रुपये घालून देवळाचे काम सुरू केले. आरंभी लोक लांबून पाहत राहिले. हळूहळू एकेक जण हात लावू लागला. देऊळ झाले, आणि त्याच देवळात बसून गावाने दारूबंदीचा ठराव केला. पुढे नालाबंडिंग, पाझर तलावाची दुरुस्ती, झाडे लावणे, शाळेची इमारत अशी कामे गावाने श्रमदान आणि सरकारी योजना यांची सांगड घालून केली. देवळाने पाऊस पाडला असे नाही. परंतु देवळाच्या कामात लोकांना एकत्र राबण्याची सवय लागली आणि एकमेकांचा भरवसा आला. त्या भरवशावर पुढे पाणी अडले. २०१६ ते २०१९ या काळात पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत महाराष्ट्रातील गावेच्या गावे उन्हाळ्यात कुदळ-फावडे घेऊन माळावर उतरली. १ मे २०१८ च्या महाश्रमदानाला शहरांतले नोकरदारही गेले. त्यांना तिथे कोणी रोजगार दिला नाही, उलट जाण्यायेण्याचे भाडे खिशातून गेले.

आता चिखलीकडे वळू. चौथी मिळकत आहे ती ओळखीची, आणि ती या गावाला सर्वांत जास्त हवी आहे.

१९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, पुढे औद्योगिक वसाहत पसरत गेली. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली आणि १९९७ मध्ये चिखली तिच्या हद्दीत आली. ज्या शिवारात ज्वारी-बाजरी डोलत होती तिथे कारखाने, गोदामे, सोसायट्या आणि घरकुलाच्या इमारती उभ्या राहिल्या. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आणि परप्रांतांतूनही माणसे पोटासाठी आली. जुन्या ग्रामस्थांच्या जमिनीला भाव आला, नव्या माणसांना काम मिळाले. दोघांचेही बरे झाले. परंतु एक गोष्ट हरवली. एका जिन्यावर समोरासमोर राहणारी माणसे एकमेकांचे नाव विसरली, किंवा त्यांनी ते कधी विचारलेच नाही. पूर्वी घरात कोणी आजारी पडले तर वेशीपर्यंत बातमी जाई. आता मयत झाले तरी रुग्णवाहिकेच्या आवाजावरून कळते.

देवळात नवा माणूस येतो, दर्शन घेतो, तीर्थप्रसाद घेतो आणि निघून जातो. त्याला बसा म्हणणारे कोणी नसते. तो पाटीवरची नावे वाचतो, त्यांत त्याच्या आडनावाचे कोणी नसते. पण त्याच माणसाला सप्ताहात “जरा वाढायला घ्या” असे म्हणून भाताची परात हाती द्या. त्या दिवशी त्याला पन्नास जण ओळखतात. दुसऱ्या दिवशी बाजारात कोणी तरी हाक मारतो. भाडेकरू होता तो एका पंगतीत गावकरी होतो. जमीन विकत घेऊन गावात घर होते, पण गावात आपले माणूस होते ते काम करूनच. देणगी देण्याने नाव छापले जाते, सेवा करण्याने ते लोकांच्या तोंडी बसते. लेझीम, भजनी मंडळ, पालखीची सेवा, वाढपी मंडळ यांत जुन्या-नव्याचा भेद न ठेवता जागा दिली तर या गावावर कोणतेही संकट आले तरी ते एकट्यादुकट्यावर येणार नाही.

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूत तुकोबांच्या पालखीचे प्रस्थान होते आणि दुसऱ्या दिवशी ती आकुर्डीच्या मुक्कामाला जाते. त्या दिवसांत पालखीच्या वाटेवर सेवेचा बाजार भरलेला असतो, आणि तिथे कोणी विकत नाही, कोणी घेत नाही. नाभिक बांधव वारकऱ्यांची दाढी करून देतात, चर्मकार बांधव तुटलेल्या वहाणा शिवून देतात, डॉक्टर मंडळी पायांचे फोड बांधतात, कोणी केळी वाटतो, कोणी नुसते पाणी. ज्याला जे येते ते त्याने द्यावे, असा तिथला साधा नियम. आपल्या हातातल्या कसबाचा असा मान वर्षातल्या इतर दिवशी होत नाही. रोज दाढीचे पैसे मोजून घेणारा हात त्या दिवशी वारकऱ्याच्या गालावरून फिरतो तेव्हा त्याला आपल्या धंद्याची थोरवी कळते. हीसुद्धा मिळकतच.

इतके गोड बोलल्यावर थोडे कडूही बोलले पाहिजे. कारण बिनपगारी काम हा शब्द या महाराष्ट्रात नेहमीच पवित्र नव्हता. वेठ नावाची वस्तू होती. गावगाड्यात काही जातींच्या माणसांना रात्री-अपरात्री सरकारी बोजे वाहावे लागत, सांगावे घेऊन धावावे लागत, गुरे ओढावी लागत, आणि त्याबद्दल मिळे ते नावापुरते वतन आणि शिळी भाकरी. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक आणले ते याच अन्यायाविरुद्ध. पुढे राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठीला मनाई केली, १९५८ च्या कायद्याने गावकामगारांची ती कनिष्ठ वतने गेली आणि १९७६ साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. ज्यांच्या आज्यापणज्यांनी वेठ वाहिली त्यांना फुकट कामाचे गोडवे गाऊन दाखवताना जीभ जपून चालवली पाहिजे.

सेवा आणि वेठ यांत एकच फरक आहे. “नाही” म्हणता येते ती सेवा, म्हणता येत नाही ती वेठ. म्हणून तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, देवाच्या नावाखाली गवंडी, पाथरवट, सुतार, बिगारी यांची मजुरी कधी कापू नये. ज्याचे पोट त्या कामावर आहे त्याला पुरा दाम वेळेवर द्यावा. त्याने आपण होऊन एखादा दिवस देवाला दिला तर तो हात जोडून घ्यावा. दुसरी, झाडलोट, उष्टी काढणे, भांडी घासणे ही कामे एकाच आळीच्या किंवा एकाच जातीच्या माणसांकडे जाऊ नयेत. गाडगेबाबांनी खराटा हाती घेतला तो हेच शिकवण्यासाठी. विश्वस्तांनी निदान एक दिवस पत्रावळी उचलाव्यात, मग स्वयंसेवक कमी पडत नाहीत.

तिसरी गोष्ट माताभगिनींची. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्या बिनपगारी कामाला दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे देतात, म्हणजे जवळजवळ पाच तास, असे तीत आढळले. घरकामाला हात लावणारे पुरुष चारांत जेमतेम एक, आणि त्यांचा वेळ ९७ मिनिटे. तेव्हा जी बाई घरचे पाच तासांचे फुकट काम उरकून देवळात पोळ्या लाटायला येते, तिची सेवा दुहेरी आहे. पुरुषांनी देवळात जाऊन समाजसेवा करावी आणि घरी पाण्याचा तांब्याही हातात मागावा, याला सेवा म्हणत नाहीत. घरातली भांडी चार दिवस घासून पाहावीत, देवळातली आपोआप घासता येतील. आणि देवस्थानच्या बैठकीत पोळ्या लाटणाऱ्या हातांनाही मत मांडायला जागा असावी.

या मिळकतीचा आणखी एक विचित्र नियम आहे. तिच्यावर नजर ठेवून जो काम करतो त्याला ती मिळत नाही. संतांनी निष्कामतेचा उपदेश केला, तो आज शास्त्रज्ञांच्या आकड्यांतही डोकावतो. अमेरिकेत विस्कॉन्सिन नावाचे राज्य आहे. तिथे १९५७ साली शाळेतून बाहेर पडलेल्या हजारो मुलामुलींच्या आयुष्याची नोंद त्यांच्या म्हातारपणापर्यंत ठेवली गेली. त्यांच्यापैकी जे स्वयंसेवा करत त्यांना, ती कशासाठी करता, असे विचारले होते. २०१२ साली या पाहणीवर एक संशोधन प्रसिद्ध झाले. दुसऱ्याचे भले व्हावे म्हणून जे काम करत होते, त्यांच्यात पुढील चार वर्षांत मृत्यूचे प्रमाण कमी दिसले. आणि जे मुख्यतः स्वतःच्या फायद्यासाठी, स्वतःला बरे वाटावे म्हणून करत होते, त्यांच्यात ते काहीच न करणाऱ्यांइतकेच दिसले. एका पाहणीवरून सिद्धान्त बांधू नये हे खरे. परंतु आयुष्य वाढावे म्हणून सेवा करणाऱ्याचे आयुष्य वाढत नाही, हे वाचून इंद्रायणीकाठच्या माणसाला नवल वाटू नये. टाळ वाजवताना आपल्याकडे कोण बघते आहे याकडे ज्याचे लक्ष, त्याचा ताल चुकतोच.

मंदिराचे काम संपले, की राबणाऱ्या हातांना एकदम रिकामपण येते. शिखरावर कळस चढला, फोटो निघाले, मांडव उतरला. त्यानंतर काय? पुष्कळ गावांत इथेच गाडी थांबते. ती थांबू नये. इंद्रायणी आपल्या कुशीतून वाहते, आणि जलपर्णीने व सांडपाण्याने तिची काय दशा झाली आहे ते सर्वांना दिसते. कारखान्यांचे आणि गटारांचे पाणी शुद्ध करणे हे सरकारचे आणि महापालिकेचे काम आहे, ते त्यांच्याकडून करवून घेतले पाहिजे. परंतु घाटावरचे निर्माल्य आणि प्लॅस्टिक उचलायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. घरकुलातल्या एका खोलीत चार भावंडांसह राहणाऱ्या मुलाला अभ्यासाला शांत जागा नसते. मंदिराचा सभामंडप संध्याकाळी दोन तास त्याला मिळाला आणि एखाद्या निवृत्त गुरुजींनी तिथे बसण्याचे मनावर घेतले, तर देवाला अडचण होणार नाही.

आणि एक दान असे आहे की ते विकतच मिळत नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देण्यास बंदी झाली. तेव्हापासून दवाखान्यातली प्रत्येक बाटली कोणीतरी फुकट दिलेली असते. निरोगी पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी रक्त देता येते. औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्यांना यंत्रावरचे आणि रस्त्यावरचे अपघात सांगायला नकोत. लक्षाधीशालाही त्या रात्री दुसऱ्याच्या फुकट सेवेवरच जगावे लागते. उत्सवाच्या दिवशी मांडवात रक्तदानाची चार खाटांची सोय केली, तर देवाच्या अंगणातले ते उत्तम अन्नदान ठरेल.

देणगीदार सज्जनहो, आपल्या दानाने हे कार्य उभे राहिले. त्याबद्दल गाव ऋणी आहेच. परंतु पुढच्या वेळी चेक पाठवाल तेव्हा त्याबरोबर एक दिवसही पाठवा. मुलांना बरोबर आणा, त्यांच्या हाती वाढायची पळी द्या. बँकेतून पैसा पाठवला तर काम होते, पण ते काम आपल्या आठवणीत राहत नाही. स्वतः बसवलेली एक फरशी माणूस म्हातारपणी नातवाला दाखवतो, आणि सांगताना त्याचा ऊर भरून येतो.

तरुण मित्रांनो, घरी कोणी विचारले की तुला काय मिळालं त्यात, तर रागावू नका. आधी गिरणीतून दळण आणून द्या, मग सांगा : मन थाऱ्यावर आलं, चार कामं यायला लागली, माझ्या शब्दावर लोक भरवसा ठेवतात, आणि या एवढ्या मोठ्या गर्दीच्या गावात मला नावानं हाक मारणारी शंभर माणसं झाली. एवढी मिळकत दुसऱ्या कोणत्या पाळीत मिळते ते घरच्यांनीच सांगावे.

टाळगावाला टाळ मिळाला आहे. तो देव्हाऱ्यात ठेवून पुजण्याची वस्तू नाही, दोन हातांनी वाजवण्याची आहे. पाटीवर नाव असो वा नसो, प्रत्येक ग्रामस्थाने, जुन्याने आणि नव्याने, मागे उभे राहून धृपद धरावे आणि गावाचा ताल ढळू देऊ नये, एवढेच पांडुरंगचरणी मागणे.

॥ रामकृष्णहरी ॥